विधिविशेषणाची जागा : जुन्नर-आंबेगावच्या लेखांच्या आधारे

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला एका टप्प्यावर एक छोटी यादी पाठ करावी लागते. अस्लीप, अवेक, अलाइव्ह, अफ्रेड, अलोन, अवेअर ही विशेषणे आहेत. परंतु ती सामान्यतः नामाच्या आधी येत नाहीत. मूल ‘अस्लीप’ असू शकते. ‘अस्लीप मूल’ मात्र इंग्रजीत संभवत नाही, तेथे ‘स्लीपिंग’ हा दुसरा शब्द आणावा लागतो. ही यादी अपवादांची म्हणून शिकविली जाते आणि परीक्षेनंतर अपवादांप्रमाणेच विसरली जाते. वास्तविक तिच्यामागे एक इतिहास आहे. ‘अस्लीप’ आणि ‘अलाइव्ह’ यांतील आद्य ‘अ’ हा जुन्या इंग्रजीतील ‘ऑन’ या अव्ययाचा झिजलेला अवशेष होय. म्हणजे ‘अस्लीप’ हे मुळात विशेषण नसून ‘झोपेत’ या अर्थाचा शब्दसमूह होता. मराठी भाषकाला यातील मर्म चटकन कळावे. ‘मूल झोपेत आहे’ असे म्हणता येते. ‘झोपेत मूल’ असे म्हणता येत नाही, ‘झोपेतले मूल’ असे करावे लागते. ‘अफ्रेड’चे कुळ वेगळे : ते फ्रेंचमार्गे आलेल्या धातूचे धातुसाधित. ‘अलोन’ ही ‘ऑल’ आणि ‘वन’ यांची सांधणी. निरनिराळ्या कुळांतील हे शब्द रूपसादृश्यामुळे एका पंक्तीत बसले आणि पंक्तीचा नियम सर्वांना लागू झाला. नामापूर्वीची गरज भागविण्यासाठी इंग्रजीने पुढे ‘अलाइव्ह’चा ‘अ’ छाटून ‘लाइव्ह’ आणि ‘अलोन’चा ‘अ’ छाटून ‘लोन’ असे स्वतंत्र शब्द घडविले. ड्वाइट बोलिंजर यांनी १९६७ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात या स्थानभेदाला अर्थाची जोड दिली : नामापूर्वीचे विशेषण वस्तूचा स्थायी विशेष सांगू पाहते, नामानंतरचे विशेषण त्या वेळची अवस्था. स्थान ही केवळ क्रमाची बाब नाही, हे त्यांच्या विवेचनाचे सार.

मराठी व्याकरणात या भेदाला नावे आहेत. ‘शहाणा मुलगा’ यातील ‘शहाणा’ हे अधिविशेषण आणि ‘मुलगा शहाणा आहे’ यातील ‘शहाणा’ हे विधिविशेषण. शालेय व्याकरणे या जोडीची व्याख्या स्थानावरून करतात : विशेष्याच्या आधी येते ते पहिले, नंतर येते ते दुसरे. या व्याख्येत एक गृहीतक दडलेले आहे. एकच शब्द दोन्ही आसनांवर बसू शकतो, एवढेच नव्हे तर कोणताही शब्द तसा बसू शकतो, असे ती मानून चालते. दादोबा पांडुरंग यांच्या १८३६ च्या ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’पासून मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’पर्यंत विशेषणाचा विचार प्रामुख्याने प्रकार आणि विकार या अंगांनी झाला. कोणते विशेषण लिंगवचनानुसार बदलते आणि कोणते बदलत नाही, याची चर्चा भरपूर सापडते. एकाच आसनाचे मालक असलेले शब्द मात्र दुर्लक्षित राहिले.

असे शब्द मराठीत थोडेथोडके नाहीत. ठाऊक, माहीत, कबूल, राजी, पसंत, रुजू, दाखल, गप्प, फस्त, ठार : यांपैकी एकही शब्द सहजपणे नामापूर्वी ठेवता येत नाही. ‘वाट ठाऊक आहे’ हे मराठी; ‘ठाऊक वाट’ हे मराठी नव्हे. ‘ठार’ पुढे येतो तो ‘ठार वेडा’, ‘ठार बहिरा’ अशा प्रयोगांत, आणि तेथे तो नामाचे नव्हे, विशेषणाचे विशेषण असतो. इंग्रजीतील ‘अवेक’शी जवळजवळ जुळणारी जोडी ‘जागा’ आणि ‘जागता’ यांची. माणूस जागा असतो. पहारा मात्र ‘जागता’ असतो आणि देवस्थान ‘जागृत’. जुन्नर तालुक्यात लेण्याद्री आणि ओझर ही अष्टविनायकांपैकी दोन स्थाने आहेत. त्यांना भाविक ‘जागृत देवस्थान’ म्हणतात तेव्हा तो त्या स्थानाचा कायमचा विशेष असतो. ‘देव जागा झाला’ हे वाक्य पहाटेच्या काकडआरतीपुरते खरे. बोलिंजर यांनी इंग्रजीबद्दल जे म्हटले ते येथे आपोआप सिद्ध होते.

तथापि अर्थाची ही सोय कारणाचा उलगडा करीत नाही. हे शब्द मागच्या आसनावर का खिळले, याचे उत्तर व्याकरणग्रंथांपेक्षा लेखांत सापडण्याचा संभव अधिक, आणि त्या दृष्टीने जुन्नर-आंबेगाव या टापूइतका लांब लेखपट महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी मिळतो. इसवी सनापूर्वीच्या प्राकृतापासून धरणाच्या अधिसूचनांपर्यंत येथील दगड आणि कागद बोलत आले आहेत.

नाणेघाटाच्या लेण्यात एके काळी सातवाहन राजकुळातील व्यक्तींच्या मूर्ती होत्या. मूर्ती गेल्या, पावलांच्या खुणा आणि त्यांच्या वर कोरलेली नावे उरली. त्यांपैकी पहिले नाव ‘राया सिमुक सातवाहनो सिरिमातो’ असे आहे. ‘राया’ नामाच्या पुढे, ‘सिरिमातो’ म्हणजे ‘श्रीमान’ नामाच्या मागे. शालेय व्याख्या लावली तर ‘सिरिमातो’ हे विधिविशेषण ठरेल. पण सिमुक श्रीमान आहे असे विधान येथे कोणी करीत नाही. हा मूर्तीवरचा नामलेख आहे; ‘श्रीमान’ हे बिरुद नावाबरोबर गृहीत धरलेले आहे, सांगितलेले नाही. म्हणजे शब्द मागे असूनही त्याचे कार्य अधिविशेषणाचे.

याच्या नेमके उलट उदाहरण जुन्नरच्या लेण्यांत आहे. ‘यवनस इरिलस गतान देयधम बे पोढियो’ : यवन इरिल याचे देयधर्म म्हणजे धर्मार्थ दान, दोन पोढी. पोढी म्हणजे पाण्याचे टाके. (‘गतान’ या शब्दावरून अभ्यासकांत मतभेद आहेत, प्रस्तुत मुद्द्याला त्यांची बाधा नाही.) लेखात क्रियापद नाही. टाकी वाचकाच्या डोळ्यांसमोर आहेत, त्यांची ओळख करून देण्याची गरज नाही. सांगायचे आहे ते हे की ती दान आहेत आणि अमुक एकाचे दान आहेत. ‘बे’ हे नामाला चिकटलेले, गृहीतात मोडणारे. ‘देयधम’ मात्र नामाच्या आधी येऊनही विधेय आहे. एकाच तालुक्यातील दोन छोटे लेख स्थानाधिष्ठित व्याख्या दोन्ही बाजूंनी निकालात काढतात. विभक्तिप्रत्यय शाबूत असलेल्या भाषेत क्रम मोकळा असतो, हे खरे. परंतु त्यातूनच हेही निष्पन्न होते की विधेयत्व ही स्थानाची देणगी नसून सांगण्याच्या हेतूची आहे. स्थान नंतर आले.

ते कसे आले याचा माग मनमोडीच्या डोंगरातील एका लेखापासून काढता येतो. महाक्षत्रप नहपानाचा अमात्य, वत्सगोत्री अयम याने पोढी आणि मंडप दिला, असे सांगणाऱ्या या लेखात ४६ हे वर्ष आहे आणि त्याच्या शेवटी ‘कतो’ हा शब्द आहे : संस्कृत ‘कृत’, म्हणजे केला. ‘मटपो’ पुल्लिंगी एकवचनी, म्हणून ‘कतो’. हे रूप व्याकरणदृष्ट्या विशेषण आहे. पण वाक्य पुरे करण्याचे, म्हणजे क्रियापदाचे, काम तेच करते. मराठीच्या भूतकाळाचे बीज येथे आहे. ‘गत’, ‘कृत’ या धातुसाधितांना प्राकृतात ‘इल्ल’ हा प्रत्यय लागून पुढे ‘गेला’, ‘केला’ झाले. झ्यूल ब्लॉक यांच्या १९२० च्या ग्रंथापासून आणि वासुदेव गोपाळ परांजपे यांनी १९४१ साली केलेल्या त्याच्या मराठी अनुवादापासून हा विकास अभ्यासकांच्या परिचयाचा आहे. मंडप केला, टाकी केली, लेणे केले : क्रियापद लिंगवचनानुसार बदलते, कारण ते वंशाने विशेषण आहे. परिचित नसलेली, किंवा निदान पुरेशी न उलगडलेली, बाजू अशी की हे विशेषण क्रियापदाच्या पदावर बसताच त्याचे नामापूर्वीचे आसन गेले.

जुन्या मराठीत ‘ला’कारान्त रूप नामापूर्वी सहज येत असे. आजच्या मराठीत ‘केला मंडप’ हा शब्दसमूह राहिला नाही. तो ‘मंडप केला’ याचा उलटा क्रम, म्हणजे वाक्यच, वाटतो. नामापूर्वी ‘केलेला’ हवे. इंग्रजीने ‘अलाइव्ह’साठी ‘लाइव्ह’ घडविले, तसे मराठीने ‘केला’साठी ‘केलेला’ घडविले. फरक इतकाच की इंग्रजीत ही मूठभर शब्दांची गोष्ट आहे आणि मराठीत ती जवळपास प्रत्येक धातूची. इंग्रजीतील अपवादांची यादी परकी वाटणाऱ्या मराठी भाषकाच्या जिभेवर हाच नियम दिवसभर नांदत असतो.

जुन्या आसनाचे अवशेष वाक्प्रचारांत टिकले आहेत, आणि ते कोठे टिकले हे पाहण्यासारखे आहे. खाल्ल्या मिठाला जागणे, बोलल्या शब्दाला जागणे, दिल्या घरी सुखी राहणे, मेल्या म्हशीला मणभर दूध. या सर्वांत सामान्यरूप आहे. ‘खाल्ले मीठ’ हे वाक्य म्हणून वाचले जाण्याचा धोका असतो. ‘खाल्ल्या मिठाला’ याला वाक्य होताच येत नाही. विधेय म्हणून वाचले जाण्याची भीती जेथे नाही तेथेच जुने अधिविशेषण सुखाने राहिले. ‘गेला महिना’ यात ‘गेला’ने क्रियेचा संबंध सोडून निव्वळ ‘मागचा’ असा अर्थ पत्करला, म्हणून तेही टिकले. आणि ‘मेला पाऊस’ यात पाऊस मेलेला नसतो, तर शिवी खातो. ‘मेलेला कावळा’ रस्त्यावर पडलेला असतो, ‘मेला कावळा’ पापडांवर बसलेला. मृत्यूचे विधान ‘मेला’ नामाच्या मागे बसूनच करू शकतो. पुढे आला की त्याचे विधान संपते आणि भावना उरते.

यानंतर दुसरा थर येतो, तो कागदाचा. १४९० च्या सुमारास मलिक अहमदाने निजामशाही उभी केली ती जुन्नरहून. अहमदनगर १४९४ मध्ये वसले. पुढे मलिक अंबरच्या काळात काही वर्षे जुन्नर पुन्हा निजामशाहीची राजधानी होते. शिवनेरीवर १६३० मध्ये शिवाजी महाराजांचा जन्म झाला तेव्हा या टापूतील कारभाराला फार्सी वळण लागून सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली होती. गावपातळीवरच्या कागदांत फार्सी आणि मराठी एकमेकींना खेटून वावरत. खुद्द जुन्नर हे हातकागदाचे केंद्र; तेथील कागदी कारागिरांचा ‘जुन्नरी कागद’ मराठेशाहीच्या दप्तरांत नावाजलेला होता. शब्दांबरोबर ते ज्यावर लिहिले जात ती वस्तूही येथलीच, हा योगायोग सुखद आहे, पण त्यावर फार भार टाकू नये.

या कागदांनी मराठीला एक परका क्रम दिला. फार्सीत विशेषण नामाच्या मागे येते आणि दोहोंना ‘ए’ हा दुवा जोडतो. ‘कसबे जुन्नर’, ‘किल्ले शिवनेरी’, ‘माहे’, ‘मौजे’ यांतील शेवटचा ‘ए’ हा तो दुवा. ‘किल्ले शिवनेरी’ हे अनेकवचन नव्हे. आज कित्येक वाचक तसे समजतात, आणि काही जण मग ‘किल्ला शिवनेरी’ अशी दुरुस्तीही करतात. याच क्रमाने ‘मौजे मजकूर’, ‘साल मजकूर’, ‘साल गुदस्त’ आले. मजकूर म्हणजे उल्लेखिलेला, गुदस्त म्हणजे गेलेला. दोन्ही विशेषणे नामाच्या मागे आहेत, पण विधेय नाहीत. ‘मौजे मजकूर’ म्हणजे ‘गाव उल्लेखिलेले आहे’ असे नव्हे, तर ‘उल्लेखिलेले गाव’. नाणेघाटातील ‘सिरिमातो’चीच ही स्थिती, दीड हजारांहून अधिक वर्षांनी, दुसऱ्या भाषेच्या द्वारे परतलेली. मराठीने मात्र हा क्रम फार काळ सोसला नाही. कोर्टकचेरीच्या मराठीत ‘मजकूर इसम’ असा प्रयोग रूढ झाला : शब्द राहिला, आसन मराठीच्या रीतीने पुढे सरकले. पुढे ‘मजकूर’ नामच झाला, आणि आज तो ‘लिहिलेला भाग’ या अर्थाने कोणत्याही संहितेला लागतो.

मग मंजूर, कबूल, जप्त, वसूल, दाखल, हजर, रुजू हे शब्द असेच पुढे का सरकले नाहीत? ते अविकारी आहेत हे कारण पुरेसे नाही. लाल, गरीब, हुशार, जबरदस्त हेही अविकारी आणि त्याच वाटेने आलेले. ते नामापूर्वी कधीचे स्थिरावले. फरक त्यांच्या येण्याच्या रीतीत आहे. ‘गरीब’ माणसाला चिकटून आला, ‘मंजूर’ क्रियापदाचे बोट धरून. फार्सीतील ‘कर्दन’ आणि ‘शुदन’ यांच्या जागी मराठीने ‘करणे’ आणि ‘होणे’ बसविले, आणि ‘मंजूर करणे’, ‘जप्त होणे’, ‘हजर होणे’ असे अखंड प्रयोग घेतले. हे शब्द वस्तूचा गुण सांगत नाहीत, कारभारातील कृतीचा निकाल सांगतात. कोणी तरी मंजूर करतो तेव्हा गोष्ट मंजूर होते. मोल्सवर्थच्या कोशात, १८३१ च्या पहिल्या आणि १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत, शब्द कोणत्या धातूबरोबर वावरतो ते ‘कर’, ‘हो’, ‘घे’ असे नोंदवून दाखविण्याची पद्धत आहे. वैयाकरणांच्या नजरेतून सुटलेले वास्तव कोशकाराने अशा रीतीने, सिद्धान्ताचा आव न आणता, टिपून ठेवले होते.

नामापूर्वी जाण्यासाठी या शब्दांना वळसा घ्यावा लागतो. एक वाट ‘जप्त केलेला माल’, ‘मंजूर झालेला ठराव’ अशी. दुसरी अधिक मराठमोळी : हजर, हजेरी, हजेरीचा, पसंत, पसंती, पसंतीचा, जप्त, जप्ती, जप्तीचा. शब्दाचे आधी भाववाचक नाम करायचे आणि मग त्याला ‘चा’ लावून विशेषण म्हणून पुढे आणायचे. ‘झोपेत’चे ‘झोपेतले’ होते त्याचीच ही बहीण. कधी विधेय सबंधच कागदाचे नाव होऊन बसते. ‘राजी आहे’ असे लिहून देणाऱ्याचा कागद तो राजीनामा. जमीन सोडताना रयतेने राजीनामा द्यायचा आणि घेताना कबुलायत, असा इंग्रजी अमदानीतील मुंबई इलाख्याचा महसुली रिवाज होता. आज राजीनाम्यात राजीपणाचा अंशही ऐकू येत नाही.

शिवाजी महाराजांच्या आज्ञेने सिद्ध झालेला ‘राज्यव्यवहारकोश’ या संदर्भात उद्बोधक ठरतो. अमरकोशाच्या धाटणीचा, दहा वर्गांत विभागलेला हा कोश मुख्यतः नामांचा आहे : पदे, खाती, शस्त्रे, दुर्गाची अंगे. नामाला प्रतिशब्द देता येतो, आणि तो राजाज्ञेने रूढही करता येतो. परंतु ‘मंजूर करणे’, ‘रुजू होणे’ यांतील विधेय वाक्याच्या सांध्यात बसलेले असते. ते उपटणे कठीण. राज्यव्यवहारकोशानंतर तीन शतके लोटूनही ते शब्द कायम आहेत.

विसाव्या शतकातील भाषाशुद्धीच्या चळवळीने मात्र या सांध्यालाही हात घातला. ‘हजर’ऐवजी ‘उपस्थित’, ‘मंजूर’ऐवजी ‘संमत’, ‘जाहीर’ऐवजी ‘घोषित’ असे शब्द पुढे आले. या बदलाची चर्चा नेहमी शब्दांच्या कुळावरून झाली : परका की स्वकीय, सोपा की बोजड. त्यातून घडलेला अन्वयाचा बदल चर्चेबाहेर राहिला. संस्कृत ‘त’कारान्त धातुसाधितांवर आसनाचे बंधन नाही. ‘हजर श्रोते’ म्हणताना मराठी जीभ अडखळते. ‘उपस्थित श्रोते’ म्हणताना नाही. १९६४ च्या राजभाषा अधिनियमानंतर प्रशासनाची मराठी या धातुसाधितांनी भरून गेली आणि जे आधी विधान म्हणून सांगावे लागत असे ते विशेषण म्हणून नामापुढे ठेवता येऊ लागले. त्यांच्या पाठोपाठ ‘मंजूर पदे’, ‘फरार आरोपी’, ‘जप्त मुद्देमाल’ असे जुन्या शब्दांचे नवे प्रयोगही कार्यालयांत आणि वृत्तपत्रांच्या मथळ्यांत शिरले.

या स्थित्यंतराचे मोल मापण्यासाठी संस्कृत काव्यशास्त्राकडे एक काटेकोर साधन आहे. अकराव्या शतकातील महिमभट्टाने ‘व्यक्तिविवेका’च्या दुसऱ्या विमर्शात ‘विधेयाविमर्श’ या दोषाची विस्तृत चर्चा केली. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’च्या सातव्या उल्लासात तोच ‘अविमृष्टविधेयांश’ म्हणून घेतला. वाक्यात काही गृहीत असते, ते उद्देश्य. काही नव्याने सांगायचे असते, ते विधेय. विधेयाला वाक्यात प्राधान्य मिळाले पाहिजे. ते समासाच्या पोटात गाडले गेले, गौण झाले, तर बोलणाऱ्याला जे सांगायचे आहे तेच सांगितले जात नाही. आधी उद्देश्य, मग विधेय, असा क्रमाचा दंडकही या चर्चेत येतो. ‘विधिविशेषण’ या संज्ञेतील ‘विधी’ याच कुळातला. म्हणजे व्याख्या स्थानावरून करण्याची काहीच गरज नव्हती, संज्ञेतच अधिक खोल व्याख्या होती. अर्जुनवाडकर आणि मंगरूळकर यांनी १९६२ साली काव्यप्रकाशाची मराठी आवृत्ती सिद्ध केली. दोघांनीही पुढे मराठी व्याकरणाच्या पुनर्विचारात मोलाची भर घातली. काव्यशास्त्र आणि व्याकरण एकाच टेबलावर असण्याचा असा योग घडूनही शालेय व्याकरणातील ती व्याख्या जशीच्या तशी राहिली.

महिमभट्टाच्या दृष्टीने हा कवीचा दोष आहे, अनवधानाचा किंवा वृत्ताच्या ओढीचा. प्रशासकीय गद्यात तो दोष राहत नाही, पद्धती होतो. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत कुकडी प्रकल्पाची धरणे झाली : येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि घोड नदीवरील डिंभे. डिंभ्याच्या जलाशयाला आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळचे बाबू गेनू यांचे नाव आहे. या जलाशयात जी गावे गेली त्यांत आंबेगाव हे गावही होते. तालुका ज्या गावाचे नाव लावतो ते गाव पाण्याखाली आहे, कचेरी घोडेगावला.

जमीन घेण्याचा कायदा त्या काळी १८९४ चा होता. त्याच्या पायऱ्या स्पष्ट होत्या. कलम ४ ची अधिसूचना : जमिनीची गरज भासण्याचा संभव आहे. कलम ६ ची घोषणा : जमीन सार्वजनिक प्रयोजनासाठी लागणार आहे. कलम ११ चा निवाडा : मोबदला इतका आहे. कलम १६ चा ताबा : यानंतर जमीन सरकारची झाली. प्रत्येक पायरी हे एक वाक्य आहे, प्रत्येकात एक विधेय आहे. अधिसूचना आणि घोषणा यांच्या मध्ये हरकत घेण्याची तरतूदही कायद्यातच होती. विधेय नाकारता येते. ‘जमीन लागणार आहे’ याला ‘नाही’ असे उत्तर असू शकते. ‘संपादित जमीन’ या शब्दसमूहाला उत्तर नसते. तो वाक्यात उद्देश्य होऊन येतो आणि वाद पुढच्या एखाद्या विधेयावर, बहुधा मोबदल्याच्या रकमेवर, ढकलला जातो. ‘बाधित क्षेत्र’, ‘विस्थापित कुटुंबे’, ‘पुनर्वसित गावठाण’ हे सारे याच घडणीचे. कोणी बाधा आणली, कोणी विस्थापित केले, हा कर्ता ‘केलेला’ या रूपात निदान विचारता येतो : जप्त केलेला माल, कोणी केलेला? ‘बाधित’ या रूपापाशी तो प्रश्न सुचतही नाही. ‘पुनर्वसित’ तर त्याहून पुढचे : वसाहत पुरी झाली की नाही हेच ज्याविषयी सांगायचे आहे, ते त्याच्या नावातच होऊन गेलेले असते.

‘प्रकल्पग्रस्त’, ‘धरणग्रस्त’ यांची कथा थोडी निराळी. समास म्हणून त्यांत विधेय गाडले गेले आहे, हे महिमभट्टाला ताबडतोब दिसले असते : प्रकल्पाने यांना ग्रासले, हे सांगायचे होते. पण ‘ग्रस्त’ या शब्दात ग्रासण्याचा, ग्रहणाचा अर्थ अजून धुगधुगतो, आणि चळवळींनी तो फुंकर घालून जागा ठेवला. ‘आम्ही धरणग्रस्त आहोत’ असे मोर्चातील माणूस म्हणतो तेव्हा कागदावर नामापुढे बसविलेला शब्द तो पुन्हा विधेयाच्या आसनावर आणतो. पुढे सरकारी मराठीत ‘ग्रस्त’च्या शेजारी ‘बाधित’ दिसू लागला. दोहोंत समानार्थ मानणे कोशापुरते ठीक.

महसुली शब्दांतील एक मात्र या साऱ्यांहून जुना आणि देशी आहे. ‘बुडीत’ हा शब्द सावकारी हिशेबातून आला : बुडीत कर्ज, बुडीत खाते, म्हणजे जे येणे परत येण्याची आशा उरली नाही ते. ‘पडीत’प्रमाणेच त्याला ‘ईत’ हा मराठी प्रत्यय आहे, आणि ‘ला’कारान्त रूपाने सोडलेले नामापूर्वीचे आसन तो बिनतक्रार भरतो. धरणाच्या नकाशांत ‘बुडीत क्षेत्र’ आखले जाते ते बहुधा पाणी चढण्याच्या पुष्कळ आधी. त्या क्षणी तेथे काहीच बुडालेले नसते. पिके उभी असतात, चुली पेटत असतात. ‘क्षेत्र बुडाले’ असे म्हणणे त्या दिवशी असत्य ठरले असते, ‘बुडीत क्षेत्र’ असे लिहिणे ठरत नाही. घोड नदीच्या खोऱ्यातल्या बोलण्यात गाव बुडीत नसते. ते पाण्यात ‘गेलेलं’ही क्वचितच असते, ते पाण्यात ‘गेलं’, एवढेच.